विम्याच्या लीडसाठी टेलिकॉलिंग: बेळगावातल्या एका एजंट गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव शहरातले पाच विमा एजंट. पाचही जण एकाच आयुर्विमा कंपनीचे, आणि मेडिक्लेमसाठी प्रत्येकाकडे एकेका आरोग्य विमा कंपनीची एजन्सी. गटातल्या थोरल्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. मीही तेच म्हणेन. अक्का वडगावच्या, विणकर घरातल्या. पंचविसेक वर्षांच्या एजन्सीत त्यांच्या पार्ट्या, म्हणजे पॉलिसी घेतलेली माणसं, वडगाव, शहापूर, खासबागच्या मागवाल्यांत, उद्यमबागेतल्या फौंड्री आणि मशीनशॉपच्या कामगारांत आणि येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव अशा जवळच्या गावांत पसरलेल्या. दुसरा एजंट खानापूरकडचा. तिसऱ्याच्या घरी कन्नड, पण शाळा मराठी. चौथा निपाणीहून येऊन बेळगावात स्थायिक झालेला. पाचवा सगळ्यात तरुण, मच्छेचा, दिवसभर मोटरसायकलवर फिरायची तयारी असलेला. एजंटांना प्रशिक्षण देण्याच्या कामामुळे माझा या गटाशी संबंध आला आणि पुढचं बरंचसं मी त्यांच्या खोलीत बसून पाहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, एकदोन गावं बदलली आहेत.

पूर्वी या मंडळींना नवी लीड, म्हणजे विमा घेईल अशा नव्या माणसाचा पत्ता, कुठून मिळायची, हे आधी सांगायला हवं. ती हप्त्यातून मिळायची. तिमाही हप्ता न्यायला एजंट घरी यायचा, ओसरीवर बसायचा, चहा व्हायचा. तेवढ्यात कळायचं की धाकट्याला नोकरी लागली, भाचीचं लग्न ठरलं, शेजारच्यांनी टेम्पो घेतला. लीड शोधायला वेगळं काही करावं लागत नव्हतं. आता हप्ता बँकेतून आपोआप जातो, नाहीतर नातू यूपीआयवर भरतो. पॉलिसीधारकाची सोय झाली, ती चांगलीच गोष्ट आहे. पण एजंटाचं त्या घरात जायचं कारण संपलं. अक्कांच्या शब्दांत, "दोन दोन वर्षं ज्यांच्या दारात गेले नाही, त्यांना आता काय म्हणून भेटायचं?"

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. मेडिक्लेम आणि टर्म प्लॅनवर (बचत नसलेला, नुसत्या जोखमीचा आयुर्विमा) तो आधी १८ टक्के होता, म्हणजे फरक डोळ्यांत भरण्यासारखा. बचतीच्या जुन्या पद्धतीच्या पॉलिसींवर मात्र पहिल्या वर्षी ४.५ आणि पुढे २.२५ टक्केच होता, त्यामुळे तिथे सवलत जेमतेम. हा फरक गटातल्या सगळ्यांना माहीत होता, तरी "जीएसटी गेला, आता फोन लावायची हीच वेळ" अशी हवा तयार झाली आणि दिवाळीनंतर टेलिकॉलिंग सुरू करायचं ठरलं.

सुरुवात कशी झाली

टिळकवाडीत एक खोली भाड्याने घेतली. अनगोळ आणि मच्छेच्या तीन बी.कॉम. झालेल्या मुली कॉलर म्हणून ठेवल्या. साधे फोन, हेडफोन, तीन रजिस्टरं. नवी सिमकार्डं अक्कांच्या आधारवर घेतली, कारण खोलीचा करारही त्यांच्याच नावावर होता आणि धावपळ करायला त्याच पुढे होत्या. नंबरांची यादी एका ओळखीच्या माणसाकडून विकत आली. त्यात नाव, मोबाइल आणि तालुका एवढंच. ती कुठून जमवली, हे विचारलं गेलं नाही.

मुलींचा मूळ पगार थोडा ठेवला आणि पक्क्या झालेल्या प्रत्येक अपॉइंटमेंटमागे वेगळे पैसे द्यायचे ठरले. पुढे जे बिघडलं, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. यादी वाईट होती, सिमचं चुकलं, हे खरंच. पण पैसे 'या म्हणाले' यावर मिळणार म्हटल्यावर मुली 'या' मिळवायला शिकणारच. आणि आपल्याकडे घरी येतो म्हणणाऱ्याला नको म्हणायची रीत नाही. "बरं, या की," असं लोक म्हणतात, फोन ठेवतात आणि विसरून जातात. रजिस्टरमध्ये त्याची नोंद 'लीड' म्हणून होत होती.

पहिल्या काही आठवड्यांत रजिस्टरं भराभर भरली. तरुण एजंट खूश होता. दररोज संध्याकाळी त्याच्या हातात पत्त्यांची चिठ्ठी असायची.

कुठे बिघडलं

कंग्राळीपलीकडच्या एका गावातली भेट त्याने मला सविस्तर सांगितली. संध्याकाळी सातला तो पोचला. घरातले काका चष्मा लावून वाट बघत बसलेले. समोर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात जुने बाँड (पॉलिसीचे मूळ कागद), पासबुक, लाइट बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं काढून ठेवलेलं.

"बोनस किती आलाय ते सांगा आधी," काका म्हणाले.

"काका, बोनसचं काही नाही. नवीन मेडिक्लेमबद्दल सांगायला आलोय."

"मग त्या पोरीनं तसं का सांगितलं की हो? बँकेतलं कामही पुढं ढकललं मी."

कॉलरने 'बोनस' हा शब्द उच्चारला नव्हता. ती म्हणाली होती, "तुमच्या पॉलिसीबद्दल आमचे साहेब घरी येऊन माहिती देतील." तिन्ही मुलींच्या लक्षात आलं होतं की या वाक्याला सगळ्यात जास्त होकार मिळतो. मिळणारच. बहुतेक घरांत एखादी जुनी पॉलिसी असते आणि तिचं काही येणं असेल असं माणसाला वाटतं. जुन्या पॉलिसीवर बोनस अडकलाय म्हणून फोन करून नवी पॉलिसी गळ्यात मारणारे भामटे देशभर आहेत. विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे इर्डाई, पॉलिसी विकत नाही आणि बोनसही जाहीर करत नाही, अशी ताकीद ते प्राधिकरण स्वतः वर्षानुवर्षं देत आलं आहे. आपल्या खोलीतून जाणारं वाक्य त्याच भामट्यांच्या वाक्याच्या शेजारी जाऊन बसलं होतं. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या फार अस्वस्थ झाल्या. "माझ्या गल्लीत असं कोणी बोललं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही," एवढंच म्हणाल्या, आणि ते वाक्य त्याच दिवशी बंद झालं. पण तोवर ते शेकडो कानांवर गेलं होतं.

दुसरी अडचण भाषेची. यादीत फक्त नावं, म्हणून मुली आडनावावरून भाषा ठरवत. आपल्या भागात हे चालत नाही. पाटील म्हटलं तर मराठा असेल, लिंगायत असेल, जैन असेल. कुलकर्णी, देसाई, चौगुले यांचंही तेच. बैलहोंगलच्या पाटलांना मराठीत सुरुवात केली की ते कन्नडमध्ये दोन शब्द बोलून फोन ठेवत. उचगावच्या पाटलांना कन्नडमध्ये सुरुवात केली की, "मराठी येत नाही काय?" हा पहिला प्रश्न. सीमाभागात भाषा हा हळवा विषय आहे, आणि अनोळखी फोनचं पहिलंच वाक्य चुकलं तर पुढचं कोणी ऐकून घेत नाही. विम्यात तर त्याहून जास्त बिघडतं. मेडिक्लेममध्ये आधीच्या आजाराला किती काळ संरक्षण नाही, हे ज्या भाषेत माणूस घरी बोलतो त्याच भाषेत समजलं पाहिजे. प्रस्तावफॉर्मवर वेगळ्या भाषेत सही असेल तर मजकूर समजावून सांगितल्याचं निवेदन घ्यावं लागतं, ते याचसाठी.

तिसरं, वेळ. उद्यमबागेतला माणूस पाळीवर असतो, मागावरच्या माणसाला खटखटाटात फोन ऐकू येत नाही, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत चिकोडी, रायबागकडचा शेतकरी टोळी आणि ट्रॅक्टरच्या मागे असतो. लष्करातल्या जवानांच्या घरी फोन दुपारी लागायचा, पण निर्णय तो सुट्टीवर आल्यावर. शिवाय तिथे आर्मीचा गट विमा असतो, बऱ्याच घरांत पोस्टाचा विमाही. १८८४ साली सुरू झालेला पोस्टल लाइफ इन्शुरन्स आजही जवान आणि सरकारी नोकरांच्या घरात पहिला मान धरून आहे. कॉलर मुलींना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. समोरून "आमचा पोस्टाचा आहे" असं आलं की त्या गप्प होत.

मग जानेवारीत खरा दणका बसला. व्यापारी प्रचाराचे फोन कसे करायचे याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१८ साली केले आहेत. अशा फोनसाठी दूरसंचार कंपनीकडे नोंदणी करून १४० ने सुरू होणारा नंबर घ्यायचा असतो. साध्या दहा आकडी मोबाइलवरून प्रचार करणारा 'नोंदणी नसलेला टेलिमार्केटर' ठरतो. फेब्रुवारी २०२५ मधल्या दुरुस्तीने हे आणखी कडक झालं. ग्राहकाने १९०९ या नंबरावर डीएनडी घेतलेलं, म्हणजे प्रचाराचे फोन नकोत अशी नोंद केलेली, नसली तरी तो अशा नंबराची तक्रार करू शकतो, त्यासाठी त्याला सात दिवसांची मुदत आहे, आणि १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. पहिल्या खेपेला १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा घडलं तर वर्षभरासाठी जोडणी तोडणं. ही बंदी एका सिमपुरती नसते. त्या माणसाच्या नावावरच्या सगळ्या जोडण्यांना ती लागते.

सिमं अक्कांच्या नावावर. त्यामुळे खोलीतले फोन बंद झालेच, त्यांचा स्वतःचा जुना नंबरही बंद झाला. जो नंबर वडगाव-शहापुरातल्या घराघरांत कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे, त्यावरून पंधरा दिवस बाहेर फोन जाईना. आयुर्विम्याचा सगळ्यात घाईचा तिमाहीचा काळ, मेडिक्लेमच्या एका पार्टीचा नातेवाईक दवाखान्यात, आणि अक्का शेजारणीच्या फोनवरून बोलतायत. मला या प्रकरणातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं. चुकीचे फोन ज्या नंबरावरून गेलेच नाहीत, त्याने दंड भरला.

एका कॉलर मुलीला रात्री उलट फोन येऊ लागले होते, हेही याच सुमारास कळलं. दिवसा तिच्याशी बोललेला कोणीतरी रात्री अकराला फोन करायचा. फोन ती घरी नेत होती, कारण खोलीत ठेवायची सोय नव्हती. तिने आठवडाभर कोणाला सांगितलं नाही.

समोरचे पर्याय

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सगळे एकत्र बसले. वादावादी बरीच झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

निपाणीच्या एजंटाचं म्हणणं, वेगवेगळ्या माणसांच्या नावावर सिमं घ्यायची, म्हणजे एकाची बंद झाली तरी दुसरी चालू. याला मी स्पष्ट विरोध केला. नियम चुकवण्यासाठी दुसऱ्याचं आधार पुढे करणं म्हणजे उद्या एखाद्या मुलीच्या आईचा फोन बंद पाडणं. तो विषय तिथेच संपला.

दुसरा मार्ग सरळ होता: नोंदणी करायची किंवा नोंदणीकृत टेलिमार्केटरकडून काम करून घ्यायचं, १४० चा नंबर घ्यायचा, डीएनडीत 'बँकिंग, विमा, वित्तीय उत्पादने' हा गट बंद केलेले नंबर गाळायचे. कायद्याने निर्दोष. पण पाच एजंटांच्या मानाने खर्च मोठा, आणि १४० दिसलं की फोन न उचलण्याची सवय आता लोकांना लागली आहे. शिवाय यादीचा प्रश्न तसाच. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आल्यापासून, कोणाचीही संमती नसलेली विकतची यादी हातात ठेवणं हीच जोखीम झाली आहे. मोठ्या कंपनीला हा मार्ग परवडेल, या गटाला परवडणार नाही असं ठरलं.

इंटरनेटवरून तयार लीड विकत घेण्याचा विचार पाच मिनिटांत बाद झाला. तीच लीड आणखी चौघांकडे जाते, आणि त्या लोकांना ऑनलाइन तुलना करून घरबसल्या पॉलिसी हवी असते.

खानापूरच्या एजंटाने वेगळी सूचना मांडली. अपॉइंटमेंटऐवजी पॉलिसी झाल्यावर मुलींना कमिशनातला टक्का द्यायचा, म्हणजे त्या खोट्या 'या' आणणार नाहीत. वरवर पाहता हे बरोबर वाटतं. पण १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४० याच्या आड येतं: विमा मिळवून दिल्याबद्दल एजंट किंवा अधिकृत मध्यस्थ सोडून कोणालाही कमिशन किंवा दुसरा मोबदला देता येत नाही. अपॉइंटमेंटमागे पैसे देणंही या रेषेच्या फार जवळ होतं. त्याच बैठकीत "फोनवर पहिल्या हप्त्यात सूट सांगूया" असंही कोणीतरी म्हणालं. कलम ४१ प्रमाणे कमिशनातली सूट देणं हा गुन्हा, दंड १० लाख रुपयांपर्यंत. व्यवसायात हे सर्रास चालतं म्हणून ते माफ होत नाही.

फोन बंद करून पुन्हा घरोघरी फिरायचं, असा आणखी एक मार्ग तरुण एजंटाने सुचवला. त्यात काही वाईट नव्हतं, पण तीन मुलींचं काय, आणि मूळ प्रश्न, दारात जायचं कारण कुठून आणायचं, तो तसाच राहत होता.

त्यावर अक्का जे बोलल्या त्याने बैठकीला वळण मिळालं. "माझ्या रजिस्टरात इतकी माणसं आहेत. त्यांतल्या निम्म्यांचा पत्ता बदललाय, नॉमिनी बदललाय, मला माहीत नाही. आधी त्यांनाच फोन करूया की. विकायला नको. विचारायला."

काय केलं

आधी आयुर्विमा कंपनीच्या शाखेकडे लेखी विचारणा केली. हे आधीच करायला हवं होतं, पण उशिरा का होईना, केलं. उत्तर असं आलं की विकतच्या यादीवर फोन करायचे नाहीत. एजंटाच्या मदतनीसाने त्याच्याच पॉलिसीधारकांना सेवेबद्दल फोन करायला हरकत नाही, पण परवाना नसलेल्या व्यक्तीने कुठलीही योजना समजावून सांगायची नाही.

विकतची यादी फाडून टाकली. मुलींना सरळ महिन्याचा पगार ठरवला, अपॉइंटमेंटचे पैसे बंद. फोन खोलीतच राहणार, सहाला कपाटात. प्रत्येक एजंटाच्या पार्ट्यांना त्याच एजंटाच्या नावावरच्या नंबरावरून फोन जाणार, म्हणजे कोणाच्या कामाचा भार दुसऱ्यावर नको.

रजिस्टर नव्याने आखलं. कॉलरला नाव, गाव, मोबाइल, पॉलिसीची तारीख एवढंच दिसेल. विम्याची रक्कम आणि आजारपणाची माहिती एजंटाकडेच. 'भाषा' आणि 'वेळ' असे दोन नवे रकाने आले. भाषा आडनावावरून लिहायची नाही. "नमस्कार" म्हणायचं, एजंटाचं नाव सांगायचं आणि समोरून उत्तर कोणत्या भाषेत येतं ते ऐकून पुढे बोलायचं. कन्नड आलं तर कन्नड बोलणारी मुलगी फोन घेईल. 'फोन नको' म्हणणाऱ्याच्या नावावर लाल रेघ, आणि ती पाचही रजिस्टरांत.

बोलायच्या चार गोष्टी ठरल्या: पत्ता आणि मोबाइल तोच आहे का, नॉमिनी कोण आहे, बँकेचा तपशील कंपनीकडे दिलाय का, आणि बंद पडलेली पॉलिसी असेल तर पुन्हा चालू करायची आहे का. नव्या पॉलिसीचा शब्दही काढायचा नाही. समोरच्याने विचारलं तर लिहून घ्यायचं आणि "अक्का स्वतः फोन करतील" म्हणायचं.

माझ्यासमोर झालेला एक फोन:

"नमस्कार वैनी, वडगावच्या अक्कांच्या ऑफिसातून बोलते."

"कोण? हप्त्याला यायच्या त्या अक्का?"

"होय, त्याच."

"किती वर्षं झाली, आल्याच नाहीत की हो. बऱ्या आहेत ना?"

चौकशी झाली. नवऱ्याच्या पॉलिसीत नॉमिनी कोण, विचारल्यावर वैनींनी कपाटातून बाँड काढला आणि वाचून दाखवला. नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव. सासूबाई चार वर्षांपूर्वी वारल्या होत्या. फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग वैनींनी विचारलं, "म्हणजे मला काही मिळणार नाही?" मिळतं, पण नॉमिनी हयात नसेल तर रक्कम कायदेशीर वारसांकडे जाते आणि वारस असल्याचे कागद जमवताना घरच्यांची दमछाक होते. नाव बदलायला पॉलिसीधारकाची एक सही पुरते. नवरा फौंड्रीत पहिल्या पाळीला, म्हणून चारनंतर यायचं ठरलं. अक्का स्वतः गेल्या. फॉर्म भरला, चहा झाला, आणि वैनींच्या भावाने नुकतीच नोकरी धरल्याचं कळलं. त्याचा नंबर वैनींनीच दिला आणि अक्कांसमोर भावाला फोन करून "अक्का येतील, बोलून घे" असं सांगितलं.

गटाने त्या दिवसापासून 'लीड' याच प्रकाराला म्हणायचं ठरवलं: ज्या माणसाला एजंट येणार हे ओळखीच्या तोंडून आधी कळलंय आणि कशासाठी येणार हेही माहीत आहे, तेवढीच लीड. बाकीचं सगळं नुसता नंबर.

आणखी दोन कामं फोनला जोडली. एक, पासबुकात ४३६ रुपयांची नोंद आहे का हे विचारणं. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा तो वर्षाचा हप्ता, २ लाखांचं संरक्षण. बऱ्याच घरांत पैसे कापले जातात आणि घरच्यांना विमा आहे हेच ठाऊक नसतं. एजंटाला यात काहीच मिळत नाही. तरी मी याचा आग्रह धरला, कारण घरातला कर्ता गेल्यावर हा दावा कोणी केलाच नाही असं मी पाहिलेलं आहे. दुसरं, नवी पॉलिसी हातात पडल्यावर फोन करून ती वाचली का, आणि पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते, हे सांगणं. तरुण एजंटाला वाटलं, आपणच पार्टीला परतीची वाट दाखवतोय. अक्कांचं मत उलट होतं, आणि ते टिकलं.

परिणाम

अपॉइंटमेंटचा आकडा एकदम खाली आला. पूर्वी एका दिवसात जेवढ्या चिठ्ठ्या निघायच्या, तेवढ्या आता आठवड्यात निघत नाहीत. मात्र गेलेल्या दारातून परत यायची वेळ क्वचितच येते. तरुण एजंटाच्या पेट्रोलचा खर्च कमी झाला, हे त्याने स्वतः हिशेब मांडून दाखवलं. बंद पडलेल्या पॉलिसी पुन्हा चालू होण्याचं प्रमाण गटात सगळ्यांचंच वाढलं. त्यातून कमिशन फार येत नाही, पण संरक्षण तुटलेली घरं पुन्हा जोडली गेली. नव्या नियमाने सुरू झाल्यापासून एकही तक्रार आलेली नाही. अक्कांच्या नावावरचे खोलीतले नंबर मात्र कॉलर ओळखणाऱ्या ॲपवर अजून काही फोनांत लाल, म्हणजे नकोशा फोनचे म्हणून, दिसतात. जुने लोक उचलतात. नवे उचलत नाहीत.

खानापूरचा एजंट मार्चनंतर गटातून बाहेर पडला. विकता न येणाऱ्या फोनचा पगार का भरायचा, हा त्याचा प्रश्न. त्याच्या बाजूने तो चुकीचा नव्हता: त्याची एजन्सी तीन वर्षांची, पार्ट्या थोड्या, जुन्या रजिस्टरातून त्याला फारसं काही मिळणार नव्हतं. ही पद्धत ज्याच्याकडे वीस वर्षांची पुण्याई आहे त्याला फळते, नव्याला नाही, हे मान्य करावं लागेल.

रात्री फोन यायचे त्या मुलीने काम सोडलं नाही. ती दहावीनंतर पुढे शिकलेली असल्याने पात्रतेचा प्रश्न नव्हता. तिने प्रशिक्षण घेऊन आयसी-३८ ही एजंटांची परीक्षा दिली आणि आता ती स्वतः एजंट आहे. फोनवर योजना समजावून सांगण्याचा अधिकार असलेली खोलीतली ती पहिली कॉलर.

वेगळं काय करता आलं असतं

पैसा कशावर द्यायचा हे ठरवण्याआधी लीड कशाला म्हणायचं हे ठरवायला हवं होतं. क्रम उलटा झाला, आणि मुलींनी जे केलं ते त्यांना दिलेल्या हिशेबाला धरूनच केलं. त्यांना दोष देणं अन्यायाचं आहे.

शाखेचं लेखी उत्तर खोली भाड्याने घेण्याआधी मिळवता आलं असतं. पंधरा दिवसांच्या पत्रव्यवहाराने पंधरा दिवसांची बंदी टळली असती.

सुरुवात एका एजंटाच्या एका गल्लीपासून करता आली असती. अक्कांच्या शहापुरातल्या एखाद्या गल्लीतल्या पार्ट्यांना आठवडाभर फोन केले असते तरी नॉमिनीचा, पत्त्याचा, भाषेचा प्रश्न लगेच दिसला असता. जीएसटी गेल्याच्या उत्साहात सगळ्या जिल्ह्याला एकदम हात घातला गेला.

मुलींना बसवण्याआधी निदान दोन दिवस शिकवायला हवं होतं: पोस्टाचा विमा काय, आर्मीचा गट विमा काय, ४३६ रुपयांचा विमा काय. विकण्यासाठी याची गरज नाही. समोरचा माणूस काय सांगतोय ते समजून नम्रपणे फोन ठेवता यावा, यासाठी आहे. आणि रात्रीच्या फोनची गोष्ट पहिल्याच दिवशी सांगता येईल असं एक माणूस खोलीत असायला हवं होतं. आता ते काम अक्कांकडे आहे.

निपाणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिथे गटाच्या जुन्या पार्ट्याच नाहीत, त्यामुळे विचारपूस करायला फोन कोणाला करणार? निपाणीच्या एजंटाने तिथल्या आठवडी बाजारात टेबल मांडायला सुरुवात केली आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत बोर्ड, त्यावर नंबर, आणि ज्याला माहिती हवी त्याने स्वतः फोन करायचा किंवा वहीत नाव, वेळ, भाषा लिहून सही करायची. तंबाखूच्या वखारीतले कामगार आणि चपला शिवणारे कारागीर जास्त येतात, असं तो सांगतो, आणि त्यांना आधी अपघात विम्याबद्दल विचारायचं असतं. वर्षाला २० रुपयांच्या सुरक्षा विमा योजनेसाठी तो त्यांना बँकेचा रस्ता दाखवतो. वहीतल्या सह्या पुरेशा झाल्या की त्या नंबरांवर खोलीतून फोन करायचे की त्यानेच, हे पुढच्या बैठकीत ठरायचं आहे.